ब्रिटनमध्ये मोबाइल कॉन्ट्रॅक्ट घेताना: क्रेडिट चेक, डिपॉझिट आणि नकार आला तर

नोकरी पक्की, व्हिसा हातात, बँकेत पैसे, तरीही मोबाइल कॉन्ट्रॅक्टचा अर्ज दोन मिनिटांत नाकारला जातो. ब्रिटनला नव्याने गेलेल्या बहुतेकांच्या वाट्याला हा अनुभव येतो आणि बहुतेक जण त्याचा अर्थ चुकीचा लावतात. तुमची ऐपत कमी आहे असं कंपनीला वाटलेलं नसतं. तुम्ही कोण, कुठे राहता, आजवरची देणी कशी फेडलीत, याचा तिला कुठेच पत्ता लागलेला नसतो. भारतातला सिबिल स्कोअर कितीही चांगला असला तरी तो ब्रिटनमधल्या मोबाइल कंपनीसमोर येत नाही. तिथे तुमची पाटी कोरी असते. म्हणून आधी स्वतःची नोंद तयार करायची, मग अर्ज करायचा. हा क्रम उलटा झाला की नकारांची रांग लागते, आणि प्रत्येक अर्जाची खूण तुमच्या क्रेडिट फाइलवर, म्हणजे देण्याघेण्याच्या नोंदीवर राहते.

चेक होतो म्हणजे नेमकं काय होतं

कॉन्ट्रॅक्टमध्ये कंपनी सेवा आधी देते आणि पैसे नंतर घेते. त्यात हँडसेटही असेल तर सहाशे-आठशे पौंडांची वस्तू पहिल्याच दिवशी तुमच्या हातात जाते. म्हणून अर्ज भरताच तीन गोष्टी तपासल्या जातात. नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांचा मेळ बसतो का. जुनी देणी वेळेवर गेली आहेत का. आणि हा अर्ज फसवणुकीचा वाटतो का.

ही माहिती एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्थांकडून येते. तिघींच्या फाइली वेगळ्या आणि गुणांची मोजपट्टीही वेगळी. त्यामुळे ‘माझा स्कोअर इतका आहे, मग कॉन्ट्रॅक्ट मिळायलाच हवं’ हे गणित चालत नाही. ॲपमध्ये दिसणारा आकडा तुमच्या माहितीसाठी असतो. कंपनी फाइलमधली कच्ची माहिती घेऊन स्वतःच्या पद्धतीने गुण देते. एका कंपनीने नाकारलेल्या माणसाला दुसरी हसत घेते, ते याचमुळे.

कंपनी तुमची फाइल पाहते त्याला सर्च म्हणतात. तो दोन प्रकारचा असतो. सॉफ्ट सर्च फक्त तुम्हाला दिसतो, त्याने काही बिघडत नाही. हार्ड सर्च मात्र इतर कंपन्यांनाही दिसतो आणि त्याची नोंद साधारण एक ते दोन वर्षं राहते. एखाद-दुसऱ्या हार्ड सर्चने फरक पडत नाही, पण एकाच आठवड्यात चार झाले की माणूस पैशांच्या अडचणीत आहे असं चित्र उभं राहतं. काही कंपन्या अर्जाआधी सॉफ्ट सर्चवर पात्रता सांगतात. ती सोय असेल तर तिथूनच सुरुवात करा.

निकाल चार तऱ्हेचा येतो: मंजूर, अटींवर मंजूर, कागदपत्रं मागितली, किंवा नकार. डिपॉझिट हा दुसऱ्या प्रकारातला. ‘कागदपत्रं मागितली’ या निकालाकडे दुर्लक्ष करू नका. तो नकार नसतो. पासपोर्ट आणि पत्ता दाखवणारं बँकेचं अलीकडचं स्टेटमेंट पाठवलं की पुष्कळदा काम होतं. तो ईमेल स्पॅममध्ये पडून राहिला तर अर्ज आपोआप रद्द होतो, इतकंच.

पहिले तीन-चार महिने: नोंद कशी उभी करायची

उतरल्या दिवशी कॉन्ट्रॅक्टच्या मागे लागू नका. क्रेडिट चेक नसलेलं महिन्याच्या मुदतीचं सिम घ्या. गिफगॅफ, स्मार्टी, वॉक्सी, लेबारा हे यातले रुळलेले पर्याय. पैसे आगाऊ भरायचे, तीस दिवस वापरायचं, नको तेव्हा सोडायचं. पण एक लक्षात ठेवा: असं आगाऊ पैशांचं सिम वर्षभर इमानदारीने वापरलं तरी क्रेडिट फाइलवर त्याचं एक अक्षरही उमटत नाही. ते गरज भागवतं, नोंद तयार करत नाही.

नोंद तयार होते ती बँक खात्यापासून. पगार किंवा नियमित पैसे जमा होणारं करंट अकाउंट (तिथे हे रोजच्या वापराचं साधं खातं) उघडा आणि त्यावरून डायरेक्ट डेबिटने, म्हणजे खात्यातून आपोआप, एखादं बिल जाऊ द्या. मोबाइल कंपनीला मासिक पैसे बहुतेक वेळा डायरेक्ट डेबिटनेच हवे असतात, त्यामुळे तिथलं खातं नसताना अर्ज करण्यात अर्थ नाही.

यापुढची पायरी सर्वांत जास्त कामाची, आणि आपली मंडळी नेमकी तीच सोडतात. मतदारयादीत नाव नोंदवा. ‘आपण तर भारतीय नागरिक, आपला काय संबंध’ असं वाटतं, पण भारत राष्ट्रकुलातला देश आहे. वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाला तिथे मतदार म्हणून नोंदणी करता येते, मग तो विद्यार्थी असो की नोकरदार. सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज काही मिनिटांत होतो. नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी आणि करासाठीचा सरकारी क्रमांक) विचारतात. अजून मिळाला नसेल तर तसं कारण लिहायचं, कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, इतर पुरावा मागेल. स्विंडन किंवा साउथॉलमधल्या ज्या गोवेकरांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यांनाही स्थानिक निवडणुकांसाठी नाव नोंदवता येतं आणि क्रेडिट फाइलसाठी तेवढं पुरतं.

याचं महत्त्व असं की पत्त्याची खातरजमा करायला क्रेडिट संस्था हीच यादी वापरतात. तिच्या दोन प्रती असतात, पूर्ण आणि खुली. जाहिरातबाजांना नाव मिळू नये म्हणून खुल्या यादीतून नाव काढायला सांगितलंत तरी चालेल. क्रेडिट संस्थांना पूर्ण यादी मिळतेच. कौन्सिलने नोंद केल्यापासून ती फाइलवर उमटायला एक-दोन महिने लागू शकतात, तेवढा धीर धरा.

क्रेडिट बिल्डर कार्ड, म्हणजे नोंद नसलेल्यांसाठीचं क्रेडिट कार्ड, घ्यायचं का? शिस्त असेल तर हो. महिन्याला वीस-तीस पौंडांची भाजी त्यावर घ्यायची आणि पूर्ण रक्कम डायरेक्ट डेबिटने चुकती करायची. या कार्डांचा व्याजदर जबर असतो, त्यामुळे ‘किमान रक्कम’ भरण्याची सवय लागणार असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

नाव आणि पत्ता: अर्ज इथेच अडतो

आपल्या नावांची ठेवण ब्रिटनच्या फॉर्ममध्ये सहज बसत नाही. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. समजा पासपोर्टवर स्नेहल विजय आणि आडनाव कुलकर्णी असं आहे. बँकेने ‘स्नेहल विजय’ हे सगळं पहिलं नाव धरलं, मतदारयादीत विजय मधलं नाव झालं आणि मोबाइलच्या अर्जात फक्त स्नेहल कुलकर्णी लिहिलं, तर संगणकाला या तीन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचं तर आणखी अवघड: पासपोर्ट माहेरच्या नावाने, नोकरी सासरच्या. यावर एकच उपाय. पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच विभागणीत, बँक, मतदारयादी आणि मोबाइल अशा तिन्ही ठिकाणी. बँकेत चुकलं असेल तर आधी तिथे दुरुस्त करून घ्या, मग अर्ज.

पत्त्याचंही तसंच. पोस्टकोड टाकल्यावर जी यादी उघडते तिच्यातूनच पत्ता निवडा, हाताने टाइप करू नका. एका घराचे फ्लॅट पाडलेले असतात तिथे ‘फ्लॅट ३, १२ क्रमांक’ आणि ‘१२ सी’ हे एकाच दाराचे दोन पत्ते होऊन बसतात. बँकेत एक आणि कौन्सिलमध्ये दुसरा असेल तर मेळ बसणार नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली क्रमांकासह पत्ता लिहा, कारण त्या एका पोस्टकोडवर शेकडो जण असतात.

अर्जात साधारण तीन वर्षांचे पत्ते विचारतात. त्याआधी भारतात होतात तर भारतातला पत्ता खरा तोच द्या. ब्रिटनमध्ये जुने असलेल्या मामा-काकांचा पत्ता ‘चांगला दिसेल’ म्हणून देऊ नका. खोटा पत्ता पकडला गेला तर सिफास या फसवणूक-प्रतिबंधक संस्थेकडे नोंद जाऊ शकते. ती वर्षानुवर्षं राहते आणि मोबाइलच काय, बँक खातं उघडणंही अवघड करून ठेवते.

अर्ज करण्याआधी तिन्ही संस्थांचे अहवाल मागवा. कायद्याने ते मोफत मिळतात, पैसे मागणाऱ्या चाचणी योजनेत अडकायची गरज नाही. क्लिअरस्कोअरवर इक्विफॅक्सची आणि क्रेडिट कर्मावर ट्रान्सयुनियनची माहितीही फुकट दिसते. अहवालात चार गोष्टी पाहा: नाव-पत्त्याचं स्पेलिंग, मतदारयादीची खूण, तुमचं नसलेलं एखादं खातं, आणि ‘आर्थिक संबंध’ असलेली माणसं. रूममेटबरोबर घरखर्चासाठी संयुक्त खातं काढलं असेल तर त्याची थकबाकी तुमच्या अर्जावर सावली टाकते. नुसतं एका घरात राहिल्याने मात्र असा संबंध जोडला जात नाही. चूक दिसली की त्या संस्थेला लिहा. तिने २८ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. वाद मिटला नाही तर दोनशे शब्दांपर्यंत तुमची बाजू फाइलला जोडता येते.

पहिला अर्ज कशासाठी करावा

आमचं स्पष्ट मत: पहिलं कॉन्ट्रॅक्ट फक्त सिमचं घ्या, हँडसेटचं नको. दहा-बारा पौंडांच्या सिमसाठी कंपनीचा धोका छोटा असतो, त्यामुळे मंजुरी सहज मिळते. बारा महिन्यांचं सिम कॉन्ट्रॅक्ट फाइलवर खातं म्हणून दिसतं, आणि वेळेवर गेलेला प्रत्येक हप्ता तुमच्या बाजूने साक्ष देतो.

पैशांच्या हिशेबातही हेच बसतं. समजा फोन रोख ६०० पौंडांना आहे. त्याला १० पौंडांचं सिम, २४ महिने, म्हणजे २४०. एकूण ८४०. तोच फोन कॉन्ट्रॅक्टवर ४० पौंड महिना आणि ३० पौंड सुरुवातीला असा असेल तर ९६० अधिक ३०, म्हणजे ९९०. दीडशे पौंड जास्त, आणि दोन वर्षं हात बांधलेले. प्रत्येक ऑफरचा हा हिशेब कागदावर मांडा. कधीकधी कॉन्ट्रॅक्टच स्वस्त निघतं, मग बिनदिक्कत घ्या.

भारतातून फोन नेत असाल तर तो अनलॉक असावाच, शिवाय तिथल्या नेटवर्कवर व्हीओएलटीईने, म्हणजे ४जी नेटवर्कवरून, कॉल जातो का तेही पाहा. ब्रिटनमध्ये ३जी सेवा बंद झाल्या आहेत. इंटरनेट झकास चालतं पण कॉलची बोंब, असं भारतीय बाजारासाठी बनलेल्या काही मॉडेल्सचं होतं. म्हणून आधी महिन्याच्या सिमवर तपासा आणि मगच त्या नेटवर्कशी वर्षभराचा करार करा. भारतातलं सिम रोमिंगसह चालू ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

हँडसेटसह घेताना करार एक आहे की दोन, ते बघा. पुष्कळ कंपन्या आता फोनचं कर्ज आणि सेवेचा करार वेगळे ठेवतात. फोनचा भाग हा कायद्याच्या कक्षेतलं कर्ज असतो, त्यात १४ दिवसांच्या आत माघार घेता येते. मात्र फोनची किंमत चुकती करावी लागते किंवा अटीप्रमाणे फोन परत करावा लागतो. ऑनलाइन किंवा फोनवर घेतलेल्या सेवेच्या करारालाही १४ दिवसांची मुभा आहे. दुकानात जाऊन सही केली तर ती मुभा कायद्याने मिळत नाही, दुकानाच्या धोरणावर अवलंबून राहावं लागतं. त्यामुळे शंका असेल तर ऑनलाइनच घ्या.

सही करण्याआधी कंपनीने कराराचा थोडक्यात गोषवारा द्यावाच लागतो. त्यात मुदत, मासिक रक्कम आणि मधली दरवाढ पाहा. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत दरवाढ महागाईच्या टक्क्यांत लिहिता येत नाही. किती पौंड-पेन्स आणि कधी, हे स्पष्ट सांगावं लागतं. बिलाची कमाल मर्यादा ठरवून देण्याची सोयही कंपनीने द्यायची असते. ती पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर ब्रिटनमधून भारताला लावलेले आंतरराष्ट्रीय कॉल पहिल्या बिलात घाम फोडतात.

डिपॉझिट मागितलं तर

आधी एक घोळ दूर करू. सुरुवातीला भरायची रक्कम दोन तऱ्हेची असते. ‘अपफ्रंट’ रक्कम ही फोनच्या किमतीचा भाग, ती परत येत नाही. डिपॉझिट म्हणजे अनामत, ती परत यायची असते. विक्रेता घाईत दोन्हीला एकच शब्द वापरतो, म्हणून पावतीवर काय लिहिलंय ते वाचा.

डिपॉझिट मागणं अपमानाचं नाही. फाइल कोरी आहे पण माणूस खरा दिसतोय, अशा वेळी कंपनी जोखीम वाटून घेते, इतकाच त्याचा अर्थ. कधी तेच काम ती दुसऱ्या मार्गाने करते: महागडा फोन नाकारून स्वस्त देते, किंवा दुसरी लाइन देत नाही. डिपॉझिट परवडत नसेल तर खालच्या किमतीचा फोन किंवा नुसतं सिम चालेल का, असं विचारा. रक्कम बऱ्याचदा कमी होते किंवा उरतच नाही.

पैसे भरण्याआधी यांची उत्तरं लेखी मिळवा, चॅट केलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट चालेल: डिपॉझिट नेमकं किती आणि प्रत्येक लाइनमागे वेगळं आहे का, किती महिने वेळेवर बिल भरल्यावर परत मिळेल, बँकेत जमा होईल की बिलातून वजा होईल, मध्ये एखादा हप्ता चुकला तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजणार का, आणि १४ दिवसांत करार रद्द केला तर ते लगेच परत मिळेल का. परतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. आपोआप येईल असं धरून बसू नका. तारीख उलटली की पावतीसह मागा.

डिपॉझिट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा दुकानात, कार्डानेच भरा. ‘क्रेडिट चेकशिवाय हमखास कॉन्ट्रॅक्ट, आधी अमुक पौंड पाठवा’ असं व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगणारा माणूस वैयक्तिक खात्यात पैसे मागत असेल तर तो चोर आहे.

याहून वाईट सापळा विद्यार्थ्यांसाठी लावलेला असतो. ‘तुझ्या नावावर तीन-चार फोन घे, फोन आम्हाला दे, दोनशे पौंड तुला, कॉन्ट्रॅक्ट आम्ही नंतर रद्द करू.’ फोन जातात, ते लोक गायब होतात आणि चोवीस महिन्यांची बिलं त्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर राहतात. कायद्याने देणेकरी सही करणाराच. ओळखीच्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या माणसाने विचारलं तरी नाही म्हणा. मित्राला कॉन्ट्रॅक्ट मिळत नाही म्हणून प्रेमाने स्वतःच्या नावावर घेऊन देणंही त्याच कारणाने टाळा.

नकार आला, आता?

त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नका. आधी कंपनीला विचारा: कोणत्या क्रेडिट संस्थेची माहिती वापरली आणि मुख्य कारण काय. सगळा तपशील मिळणार नाही, पण संस्थेचं नाव आणि ढोबळ कारण मागायचा तुम्हाला अधिकार आहे. निर्णय पूर्णपणे संगणकाने घेतला असेल तर माणसाकडून फेरतपासणी मागता येते. नाव-पत्त्याचा घोळ असेल तर ती मागणीच बऱ्याचदा काम करून जाते.

मग त्या संस्थेचा अहवाल उघडा. पत्ता जुळत नसेल तर दुरुस्ती. मतदारयादीची खूण नसेल तर नोंदणी आणि वाट. तुमची नसलेली थकबाकी दिसली तर ती नोंदवणाऱ्या कंपनीला आणि क्रेडिट संस्थेला दोघांनाही लेखी तक्रार. काहीच चुकीचं नसेल, फाइल फक्त रिकामी असेल, तर निदान तीन महिने थांबा, तोवर महिन्याचं सिम चालू ठेवा आणि मग नुसत्या सिमसाठी एकच अर्ज करा. कंपनीने स्वतःची चूक मान्य केली नाही आणि तक्रारीत कोंडी झाली, तर ‘डेडलॉक’ पत्र (तक्रार अडून पडल्याची कंपनीची लेखी कबुली) मागून तिच्या तंटानिवारण योजनेकडे जाता येतं. फोनच्या कर्जाचा वाद असेल तर आर्थिक तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे. तक्रार फुकट असते.

व्हिसाची मुदत आणि परतीचा प्रवास

एक वर्षाच्या एमएस्सीला जाऊन ३६ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट घेणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. पुढे नोकरी मिळेलच, या भरवशावर. मुदतीआधी सोडायचं तर उरलेल्या महिन्यांची बहुतेक रक्कम एकरकमी भरावी लागते. आधी ८५०७५ वर इंग्रजीत ‘इन्फो’ असा एसएमएस पाठवा. किती दंड लागेल ते उत्तरात येतं. नंबर दुसरीकडे न्यायचा असेल तर ‘पीएसी’ हा शब्द ६५०७५ वर, नंबर सोडूनच द्यायचा असेल तर ‘एसटीएसी’ ७५०७५ वर. मिळालेला कोड तीस दिवस चालतो आणि तो नव्या कंपनीला दिल्यावरच जुना करार बंद होतो. कोणतीच नवी कंपनी नसेल, थेट भारतात परतायचं असेल, तर कंपनीला लेखी सूचना द्या. साधारण तीस दिवसांचं बिल धरून चला.

बँकेच्या ॲपमधून डायरेक्ट डेबिट रद्द केला म्हणजे कॉन्ट्रॅक्ट रद्द झालं, असं समजून विमानात बसू नका. बिलं येत राहतात, काही महिन्यांनी डिफॉल्ट, म्हणजे देणं बुडवल्याचा शेरा, नोंदला जातो आणि तो फाइलवर सहा वर्षं राहतो. पुन्हा नोकरीच्या व्हिसावर ब्रिटनला आलात की घरभाड्याच्या चेकपासून सगळीकडे तोच आडवा येतो. निघताना क्रम असा ठेवा: करार बंद केल्याची लेखी पोच, शेवटचं बिल, उरलेलं डिपॉझिट परत, आणि या तिन्ही गोष्टी झाल्यावरच ब्रिटनमधलं बँक खातं बंद.